अंगठ्याची साक्ष

जुन्या काळी आपल्याकडे खेड्यात रात्री चोरी झाली, म्हणजे सकाळी पहिली हाक जागल्याला जात असे. जागल्या म्हणजे गावाचा राखणदार. तो चोरी झालेल्या घराभोवती फिरे, भिंतीला पाडलेले भगदाड पाही, आणि मग मान खाली घालून जमिनीकडे पाहत चालू लागे. मातीत उमटलेल्या पावलाची टाच अधिक दबली आहे की चवडा, एक पाय ओढत चालण्याची खोड आहे काय, पाठीवर ओझे असावे काय, हे सारे त्याची सरावलेली नजर ओळखी. यास माग काढणे असे म्हणत. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला, की त्या गावाच्या जागल्याने तो पुढे चालवावयाचा, आणि ज्या गावात तो संपेल त्या गावाने चोर हजर करावयाचा किंवा नुकसान भरून द्यावयाचे, असा दंडक होता. चोराचा मागमूस लागला नाही, असे आपण अजूनही बोलतो.

परंतु पावलांचा माग किती काळ टिकणार? वारा सुटला की तो पुसला, पाऊस पडला की वाहून गेला, गुरांचा कळप वरून गेला की संपलाच. शिवाय खेड्यात सर्वजण एकमेकांस ओळखतात, शहरात कोण कोणास ओळखतो? माग नाही, पाहणारा साक्षीदार नाही, अशा वेळी चौकशी करणारे लोक एक सोपा आणि फार वाईट मार्ग धरीत. ज्याच्यावर संशय असेल त्याला धरून आणावयाचे, आणि तो 'होय, मी केले' असे म्हणेपर्यंत त्यास मारावयाचे. अशा मारापुढे निरपराधी माणूसही कबुली देतो, हे सांगावयास नको. मद्रास इलाख्यात हा प्रकार इतका बोकाळला होता की, १८५४ मध्ये त्याची चौकशी करण्यासाठी खास आयोग नेमावा लागला. पुढे १८६१ मध्ये पोलिसांसंबंधीचा कायदा झाला आणि पोलीस खात्यास नवी घडी आली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने तर असे ठरविले की, आरोपीने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही.

नियम उत्तम होता. पण त्यामुळे एक अवघड प्रश्न उभा राहिला. माणसाच्या तोंडची कबुली घ्यावयाची नाही, तर मग सत्य विचारावयाचे कोणाला? घटनास्थळी असलेल्या मुक्या वस्तूंनाच बोलते करावयास हवे होते. त्या वस्तूंची भाषा शिकण्याचे काम त्या काळी जगात अनेक ठिकाणी चालू होते. त्यांतील एक मोठा धडा आपल्याच देशात, बंगालमध्ये, गिरविला गेला.

त्याचा आरंभ मात्र चोरीपासून झाला नाही, खडीपासून झाला. १८५८ च्या जुलै महिन्यात बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा पंचवीस वर्षांचा इंग्रज अधिकारी काम करीत होता. युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या प्रसिद्ध हर्शेलचा हा नातू. त्याला रस्त्यासाठी खडी हवी होती आणि ती पुरविण्याचा करार त्याने राज्यधर कोनाई नावाच्या मक्तेदाराशी केला. सही करूनही पुढे 'ही सही माझी नव्हेच' असे म्हणणारे लोक हर्शेलला वारंवार भेटत असत. म्हणून त्याला एक युक्ती सुचली. सरकारी शिक्क्यासाठी जी तेलकट शाई असे, ती त्याने कोनाईच्या तळहाताला व बोटांना फासली आणि करारपत्राच्या मागील बाजूस त्याच्या हाताचा छाप घेतला. यात शास्त्र काही नव्हते. कोनाईला जरा दरारा वाटावा आणि त्याने शब्द फिरवू नये, एवढाच हेतू होता! मोठ्या गोष्टींचा उगम पुष्कळदा असा लहानशा धूर्तपणात असतो.

हर्शेल मात्र तेथेच थांबला नाही. त्याला त्या छापांचा छंद लागला. तो मित्रांचे, नोकरांचे आणि स्वतःचे ठसे घेऊन ठेवू लागला, आणि काही वर्षांनी पुन्हा घेऊन जुन्याशी ताडून पाहू लागला. माणूस वयाने वाढतो, त्याचे केस पिकतात, चेहरा ओळखू येईनासा होतो. पण बोटांवरील रेषा तशाच्या तशा राहतात, हे त्याच्या ध्यानात आले. १८७७ मध्ये तो हुगळी येथे जिल्हाधिकारी असताना निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे घेण्याची पद्धत त्याने सुरू केली. कारण काही निवृत्त माणसे मरण पावल्यावरही त्यांच्या नावाने दुसरेच कोणी येऊन पैसे नेत असत. दस्तऐवजांच्या नोंदणीतही त्याने अंगठा घ्यावयास लावला. तुरुंगातही ही पद्धत वापरावी, असे त्याने वरिष्ठांस लिहून कळविले. परंतु त्या पत्राचा काही उपयोग झाला नाही, आणि पुढच्याच वर्षी तो मायदेशी परत गेला. आपल्याकडील जुन्या खतांवर 'निशाणी डावा अंगठा' असे लिहून त्याशेजारी काळा ठसा असतो. तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

आता थोडा वेळ वाचन थांबवा आणि स्वतःच्या बोटांची टोके उजेडात धरून नीट पाहा. नांगरलेल्या शेतासारख्या बारीक बारीक रेषा दिसतील. त्या उंचवट्यांमुळे वस्तू हातातून निसटत नाही. त्यांवर घामाची सूक्ष्म छिद्रे असतात, म्हणून आपण पेला किंवा खिडकीची काच धरली की, शाई नसतानाही तेथे एक अस्पष्ट ठसा राहतो. त्यावर बारीक भुकटी हलकेच झटकली म्हणजे तो डोळ्यांस दिसू लागतो. या रेषा मूल आईच्या पोटात असतानाच तयार होतात. दिसावयास अगदी सारखी असणारी जुळी भावंडेसुद्धा बोटांच्या ठशांवरून वेगळी ओळखता येतात.

या रेषांच्या आकृत्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांतील दोहोंची नावे तुम्हांला घरीच ऐकावयास मिळाली असतील. हात पाहणारे लोक 'किती चक्रे आणि किती शंख' असे मोजतात ना? रेषा गोल गोल फिरून भोवऱ्यासारखी आकृती करीत असतील तर ते चक्र. एका बाजूने येऊन, वळसा घेऊन, पुन्हा त्याच बाजूस गेल्या तर तो शंख. आणि एका बाजूने येऊन, मध्ये थोड्या उंचावून, दुसऱ्या बाजूस निघून गेल्या तर ती कमान. शंभर बोटे पाहिली तर त्यांत साठ-पासष्ट शंख, तीस-पस्तीस चक्रे आणि पाचएक कमानी सापडतात. चक्रांवरून कोणाचे भाग्य कळते, असे मानण्यास काही आधार नाही. पण माणूस कोण आहे हे मात्र या रेषांवरून कळते.

१८८० मध्ये 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात हेन्री फोल्ड्स या स्कॉटिश डॉक्टराचे एक पत्र प्रसिद्ध झाले. हा डॉक्टर जपानमध्ये टोकिओ येथे एका रुग्णालयात काम करीत होता. जुन्या मातीच्या भांड्यांवर कुंभारांच्या बोटांचे ठसे पाहून त्याचे लक्ष या विषयाकडे वळले होते. एका पांढऱ्या भिंतीवर चढून गेलेल्या माणसाच्या काजळी लागलेल्या बोटांचे ठसे उमटले होते, आणि ज्याच्यावर आळ आला होता त्याची बोटे त्या ठशांशी जुळत नव्हती, असे त्याने लिहिले. या विद्येच्या अगदी पहिल्या उपयोगांपैकी एक उपयोग असा एका माणसावरील आळ दूर करण्यासाठी झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे १८९२ मध्ये अर्जेंटिना देशातही असेच घडले. एका खुनाचा आळ शेजाऱ्यावर आला होता. परंतु दारावर उमटलेला रक्ताळलेला अंगठा दुसऱ्याच व्यक्तीचा निघाला आणि तो शेजारी सुटला. हुआन वुसेतिच या पोलीस खात्यातील माणसाने तेथे ठसे जमविण्याची पद्धत घालून दिली होती. त्याच साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन या विद्वानाने ठशांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि ते जन्मभर बदलत नाहीत हे हर्शेलच्या जुन्या छापांच्या आधारे सिद्ध केले.

मग अडचण कोठे होती? अडचण अशी होती की, ठसा ओळखता येतो, पण शोधता येत नाही. समजा, पोलिसांच्या कचेरीत दहा हजार माणसांचे ठसे कागदांवर घेऊन ठेवले आहेत. एक नवा माणूस पकडला गेला. तो आपले नाव खोटे सांगत आहे. त्याचा कागद त्या दहा हजारांत आहे की नाही हे कसे पाहावयाचे? नावाने शोधावे, तर नावच खोटे. एकेक कागद काढून भिंगाखाली ताडून पाहावे, तर महिने जातील. शब्दकोशातील शब्द अकारविल्हे लावलेले नसते तर त्या कोशाचा काय उपयोग झाला असता?

म्हणूनच त्या काळी पॅरिसमधील आल्फोन्स बर्तियाँ याची पद्धत अधिक लोकप्रिय होती. तो कैद्याच्या डोक्याची लांबी-रुंदी, मधले बोट, डावे पाऊल, हाताची लांबी अशी अकरा मापे घेई आणि त्या मापांप्रमाणे पत्रिका लावून ठेवी. बंगालच्या पोलिसांनीही ती पद्धत चालू केली. पण मापे घेणारे हात निरनिराळे. एकाने पट्टी घट्ट धरावी, दुसऱ्याने सैल. त्यामुळे एकाच माणसाची मापे दोन ठिकाणी दोन प्रकारची येऊ लागली.

बंगालच्या पोलीस खात्याचा प्रमुख त्या वेळी एडवर्ड हेन्री हा होता. गाल्टनची भेट घेऊन तो ठशांविषयी सर्व माहिती मिळवून आला होता. त्याच्या कलकत्त्याच्या कचेरीत दोन हिंदी फौजदार काम करीत होते: काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. हक हे खुलना जिल्ह्यातले. प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकले होते, आणि हेन्रीला गणितात हुशार असा तरुण हवा होता. शंख किती आणि चक्रे किती या खेळातून हकांनी जी युक्ती काढली, ती इतकी सोपी आहे की तुम्हांलाही ती आत्ता करून पाहता येईल.

दहा बोटांना क्रमांक द्या. उजव्या हाताचा अंगठा १, तर्जनी २, मध्यमा ३, अनामिका ४, करंगळी ५. डाव्या हाताचा अंगठा ६, आणि त्याच क्रमाने करंगळी १०. आता दोन दोन बोटांची जोडी करून त्यांना किंमत द्या. पहिल्या जोडीतील प्रत्येक बोटास १६, दुसऱ्या जोडीस ८, तिसरीस ४, चौथीस २ आणि पाचवीस १. ज्या बोटावर चक्र असेल त्याचीच किंमत धरावयाची; शंख किंवा कमान असेल तर शून्य. मग २, ४, ६, ८, १० या सम क्रमांकांच्या बोटांची बेरीज करून तीत १ मिळवावयाचा. हा झाला अंश. विषम क्रमांकांच्या बोटांची बेरीज करून तीतही १ मिळवावयाचा. हा झाला छेद. समजा, एखाद्याच्या उजव्या अंगठ्यावर आणि उजव्या अनामिकेवर, एवढ्या दोनच बोटांवर, चक्रे आहेत. अनामिका सम, तिची किंमत ८, म्हणून अंश ९. अंगठा विषम, त्याची किंमत १६, म्हणून छेद १७. त्या माणसाचा अपूर्णांक ९/१७ झाला. एकही चक्र नसेल त्याचा १/१ आणि दहाही बोटांवर चक्रे असतील त्याचा ३२/३२.

अंश १ पासून ३२ पर्यंत आणि छेदही १ पासून ३२ पर्यंत. म्हणजे एकंदर प्रकार झाले ३२ गुणिले ३२, अर्थात १०२४. हकांनी तितक्याच खणांचे एक कपाट योजिले: उभे बत्तीस, आडवे बत्तीस. ९/१७ चा कागद आला की तो त्याच्या खणात. नवा माणूस पकडला गेला की त्याची चक्रे मोजावयाची, अपूर्णांक काढावयाचा आणि नेमका तोच खण उघडावयाचा. १/१ च्या खणात साहजिकच गर्दी फार होई. तेथे शंखाच्या रेषा मोजून पुन्हा पोटविभाग पाडीत. माणूस खोटे नाव सांगो वा वेष पालटो, त्याची बोटे स्वतःच आपला पत्ता सांगत. हेमचंद्र बोसांनीही या कामात मोठा हातभार लावला आणि ठशाचे वर्णन तारेने दूरच्या गावी कळविता यावे म्हणून एक सांकेतिक लिपी तयार केली.

ही पद्धत तपासण्यासाठी सरकारने हिंदुस्थानच्या भूमापन खात्याचे प्रमुख स्ट्राहन आणि रसायनशास्त्रज्ञ पेडलर यांची समिती नेमली. त्यांनी अनुकूल मत दिले, आणि १८९७ च्या जून महिन्यात मापांची पद्धत सोडून ठशांची पद्धत स्वीकारण्यास मान्यता मिळाली. कलकत्त्यास ठशांची स्वतंत्र कचेरी सुरू झाली. जगातील अशा पहिल्या कचेऱ्यांत तिची गणना होते.

तिची परीक्षा लौकरच झाली. १८९७ सालीच जलपैगुडी जिल्ह्यात भूतानच्या सीमेजवळील एका चहाच्या मळ्याचा व्यवस्थापक आपल्या बिछान्यावर मारलेला आढळला आणि त्याची पेटी व तिजोरी फोडून पैसे नेलेले दिसले. संशय घ्यावयास माणसे पुष्कळ होती. मळ्यातील मजूर त्याच्या कडकपणामुळे नाराज होते. जवळच काबुली लोकांचा तळ पडला होता. आणि स्वयंपाक्याच्या कपड्यांवर तर रक्ताचे डाग होते! ते पारव्याचे रक्त आहे, आपण स्वयंपाकासाठी पारवा कापला होता, असे तो सांगत होता. पन्नास वर्षांपूर्वी असता, तर त्या स्वयंपाक्याचे काय झाले असते याचा विचार करा.

पण त्या पेटीतील कागदपत्रांत एक बंगाली पंचांग होते. त्याच्या मुखपृष्ठावर दोन फिकट तपकिरी डाग दिसत होते. ते कलकत्त्यास पाठविण्यात आले. डाग रक्ताचे असून त्यांतील एक कोणाच्या तरी अंगठ्याचा आहे, असे तेथे दिसून आले. कचेरीतील कागद काढून पाहिले तेव्हा तो कांगाली चरण नावाच्या माणसाच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. हा त्या व्यवस्थापकाचा पूर्वीचा नोकर. चोरीबद्दल त्याला शिक्षा झाली होती आणि त्या वेळीच त्याचे ठसे घेतलेले होते. तो दूर बीरभूम जिल्ह्यात सापडला.

१८९८ मध्ये खटल्याचा निकाल लागला. न्यायाधीशाबरोबर बसलेल्या पंचांनी फार विचारपूर्वक मत दिले. रक्ताने भरलेला अंगठा पंचांगावर उमटला आहे, म्हणजे हा माणूस त्या पेटीपाशी गेला होता आणि चोरी त्याने केली, हे त्यांनी मान्य केले. परंतु खून करताना त्याला कोणी पाहिलेले नाही. केवळ ठशावरून खुनाची शिक्षा देणे योग्य होणार नाही. चोरीबद्दल त्याला शिक्षा झाली, खुनाच्या आरोपातून तो सुटला. काहींना हा निकाल फार सौम्य वाटेल. मला तो मोठा शहाणपणाचा वाटतो. ठसा जेवढे सांगत होता तेवढेच त्या पंचांनी ऐकले, त्याच्या तोंडी अधिक शब्द घातले नाहीत.

दुसऱ्याच वर्षी, १८९९ मध्ये, कायद्यात दुरुस्ती होऊन बोटांच्या ठशांविषयीचे तज्ज्ञांचे मत न्यायालयात ग्राह्य ठरले. १९०१ मध्ये हेन्रीला लंडनच्या पोलीस खात्यात बोलावणे आले. त्याने त्याच वर्षी स्कॉटलंड यार्ड येथे कलकत्त्यासारखीच ठशांची कचेरी उघडली. १९०२ मध्ये लंडनमध्ये एका घरातून बिलियर्डचे चेंडू चोरणारा चोर पकडला गेला. कारण खिडकीच्या ताज्या रंगावर त्याने आपला डावा अंगठा ठेवला होता. यानंतर ही पद्धत देशोदेशी पसरली आणि तिला नाव मिळाले 'हेन्री पद्धती'.

हक आणि बोस यांचे काय? त्या कपाटामागचे गणित ज्यांचे, त्यांचे नाव कपाटावर आले नाही. अधिकारी पुस्तक लिहितो, हाताखालच्या माणसांची नावे मागे राहतात, असे त्या काळी सर्रास घडत असे, आणि येथे तर राज्यकर्ते परके होते. पुढे हकांना खानबहादूर आणि बोसांना रायबहादूर ही पदवी मिळाली, काही रक्कमही मिळाली. खुद्द हेन्रीने १९२६ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, वर्गीकरणाची पद्धत पूर्णत्वास नेण्यात आपल्या कचेरीतील इतर कोणाहीपेक्षा हकांचा वाटा मोठा होता, असे लिहून कळविले. १९३५ मध्ये बिहारमधील मोतिहारी येथे हकांचा मृत्यू झाला. अलीकडे ब्रिटनमधील ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने हक आणि बोस या दोघांच्या नावाने पारितोषिक ठेवले आहे.

आता १०२४ खणांच्या कपाटाची जागा संगणकाने घेतली आहे. आपल्या देशात २०२२ मध्ये सर्व राज्यांचे पोलीस एकाच ठिकाणी ठसे शोधू शकतील अशी राष्ट्रीय योजना सुरू झाली. जे शोधण्यास पूर्वी फौजदाराला खण उघडावा लागे, ते यंत्र क्षणात पुढे मांडते. तथापि यंत्र केवळ सारखे दिसणारे ठसे समोर ठेवते. तो ठसा त्याच माणसाचा, हे शेवटी डोळ्यांनी पाहून माणसानेच ठरवावयाचे असते.

२००४ च्या मार्च महिन्यात स्पेनची राजधानी माद्रिद येथे आगगाड्यांत भीषण स्फोट झाले. तपासात सापडलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीवर अस्पष्ट ठसा होता. त्याचे चित्र अमेरिकेस पाठविण्यात आले. तेथील संगणकाने काही नावे पुढे केली, आणि नामांकित तज्ज्ञांनी त्यांतील एका वकिलाचा ठसा निश्चित जुळतो असे सांगितले. त्याला अटक झाली. स्पेनच्या पोलिसांनी मात्र तोच ठसा भिंगाखाली पाहून एप्रिलमध्येच 'जुळत नाही' असे कळविले होते. त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. त्यांनी आपले काम सोडले नाही. मे महिन्यात त्यांना तो ठसा ज्याचा होता तो दुसराच माणूस सापडला. त्याचे नाव त्यांनी कळविले, आणि दुसऱ्या दिवशी, अटकेनंतर दोन आठवड्यांनी, तो वकील आपल्या घरी परतला. अमेरिकेच्या तपास खात्याने त्याची क्षमा मागितली.